बाबांच्या आवाजाचा शब्द

आमच्या घरात एखाद्याचा आवाज 'छान आहे' असं म्हणायला बंदी होती. चुकून म्हटलंच, तर बाबा हातातली कात्री थांबवून विचारायचे, "छान म्हणजे? हवा छान असते, शर्ट छान असतो. आवाजाचं बोल." मग सांगावं लागायचं, घोगरा आहे, किनरा आहे, की नुसताच मोठा. माझी एखादी मैत्रीण घरी आली की ती बसायच्या आत मला तिच्या आवाजाचा निवाडा हाताच्या खुणेने द्यावा लागे. ही आपल्याकडे बघून करंगळी का नाचवते आहे, या विचाराने ती बिचारी पाणीसुद्धा नीट पीत नसे.

बाबांना ऐकू येत नव्हतं. मी शाळेत जायला लागले त्या सुमाराला त्यांना मोठा ताप आला. तापातून माणूस उठला, कान काही उठले नाहीत. त्यांचं सलून होतं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, पाठीमागच्या भिंतीला दुसरा आरसा आणि कोपऱ्यात गरम पाण्याची शेगडी. त्या धंद्यात अर्धं काम हात करतो आणि अर्धं जीभ. गिऱ्हाइकाने नुसती मान तुकवून घ्यायची आणि निघून जायचं, असं दुकान कुणाला आवडत नाही. बरं झाल्यावर बाबा खुर्चीमागे उभे राहिले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस दुकान विकणार.

त्यांनी दुकान विकलं नाही. ते आरशात बघायला शिकले. खुर्चीतला माणूस बोलतो तेव्हा त्याचं तोंड आरशात असतं, आणि बाबांची नजर तशीही तिथेच असायची. वर्षभरात त्यांना ओठांवरून बोलणं कळायला लागलं. पण सवय अशी जडली की समोरासमोर कुणी बोललं तर त्यांचा गोंधळ व्हायचा. जेवताना आई त्यांच्याशी बोलायची ती कपाटाच्या आरशात बघून. पाहुणे म्हणायचे, या नवराबायकोचं भांडण आहे वाटतं, एकमेकांकडे बघतही नाहीत.

ओठांवरून शब्द कळतात, आवाज कळत नाही. तो त्यांना हाताने कळायचा. दाढी करताना गळ्यावरची कातडी ताणून धरायची असते. त्याच वेळी माणूस काहीतरी पुटपुटला, की आवाज बाबांच्या बोटांना लागायचा. पण जे लागलं त्याला म्हणायचं काय? यावर त्यांची रोजची चर्चा चालायची ती मास्तरांशी.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, बाबांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक आणि एकुलते एक मित्र. दाढी हे त्यांचं निमित्त असायचं. मास्तर सांगायचे, आवाज बसतो पण कंठ बसत नाही. कंठ दाटून येतो पण आवाज दाटून येत नाही, तो फार तर जड होतो. गाणाऱ्याला गळा असतो, रडणारा गळा काढतो, आणि घरात आवाज कुणाचा चालतो ते विचारलं तर त्याचा गळ्याशी काही संबंध नसतो. बाबा आरशात बघत हे सगळं पिऊन घ्यायचे. मग मास्तर रंगात येऊन 'धीरगंभीर' असा काहीतरी शब्द पुढे करायचे, आणि बाबा वस्तरा हवेत धरून म्हणायचे, "मास्तर, असला पुस्तकी शब्द नको. हाताने दाखवता येईल असा द्या."

त्यातून आमच्या घरची हातांची बोली तयार झाली. घोगरा म्हणजे मूठ गळ्याशी धरून पिळायची. किनरा म्हणजे करंगळी वर. कापरा म्हणजे पंजा थरथरवायचा. चिरका म्हणजे कागद टरकवायचा आव आणायचा. भसाडा म्हणजे खडबडीत भिंतीवर तळहात घासायचा. आणि खणखणीत म्हणजे फेसाच्या पितळी वाटीच्या काठावर टिचकी मारायची. बाबा वाटीला बोट लावून उभे असत, तो झणकार त्यांच्या बोटात शिरे, आणि त्यांचा चेहरा असा खुले की मलाही ती टिचकी मारावीशी वाटे.

ही वाटी रोज सकाळी वाजायची. दुकानाचं शटर वर करायच्या आधी बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहत आणि दुकानातलं बोलणं एकदा मोठ्याने म्हणत. "या, बसा. मान वर करा. गाल फुगवा. हलू नका." म्हणून झालं की आरशात आईकडे बघून विचारायचे, "आज कसा?" ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज हळूहळू हाताबाहेर जातो, हे त्यांना ठाऊक होतं. वस्तऱ्याला धार लावतात तशी आवाजाला रोज लावायची, असा त्यांचा नेम. आई टिचकी मारायची. खणखणीत. बाबा शटर वर करायचे.

एवढ्या तयारीनेही घोटाळे व्हायचे ते वेगळंच. एकदा एका गृहस्थांनी हळूच विचारलं, केस रंगवले तर कळेल का? बाबांनी आपल्या मते त्यांच्या कानात सांगितलं, "कुण्णाला कळणार नाही!" ते रस्त्यापलीकडच्या शिंप्यालासुद्धा कळलं. तेव्हापासून आई दारापाशी बसून तळहात खाली दाबायची, म्हणजे आवाज उतरवा. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई हवेतच पोळ्या थापते आहे.

पुढे मी मोठी झाले, लग्न होऊन त्याच गल्लीत राहिले आणि दुकानात पडदा टाकून बायकांचं पार्लर सुरू केलं. पडद्याआडून मला बाबांचा आवाज दिवसभर ऐकू येई. तो बदलत होता. स आणि श विरघळत चालले होते, शब्द एकमेकांना चिकटत होते, सगळं बोलणं नाकातून आणि एकाच पट्टीत यायला लागलं होतं. मला अडचण नव्हती. घरातल्यांना घरातलं बोलणं कळतंच. जुनी गिऱ्हाइकं अंदाजाने हसायची. नवी एकदा येऊन परत यायची नाहीत, आणि बाबा म्हणायचे, हल्ली लोक घरीच दाढी करतात.

मास्तरांचं तसं नव्हतं. त्यांची नजर जात चालली होती. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग समोरचंही. त्यांचा मुलगा हाताला धरून त्यांना खुर्चीत आणून बसवायचा. आरसा कुठल्या बाजूला हेही मास्तरांना उमगत नसे. बाबा दोन बोटांनी त्यांची हनुवटी धरून तोंड आरशाकडे वळवायचे आणि मग गप्पा सुरू व्हायच्या. एकाला दिसत नाही, दुसऱ्याला ऐकू येत नाही. या दोघांच्या मधे आता एकच पूल उरला होता, बाबांचा आवाज.

तो एका सकाळी मोडला. बाबा मास्तरांच्या हनुवटीखाली वस्तरा चालवत होते आणि म्हणाले, हलू नका. मास्तरांना ते कळलं नाही. "काय म्हणालास?" म्हणून त्यांनी मान वळवली, आणि वस्तरा लागला. जखम फार नव्हती. तुरटी लावली, कापूस दाबून धरला, रक्त थांबलं. पण मास्तरांनी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या होत्या त्या काही सोडेनात. डोळे गेलेल्या माणसाच्या गळ्यावर पातं लागलं होतं.

मुलगा घाबरला आणि चिडलाही. बाबांच्या तोंडावर बोलायचं नाही एवढी रीत त्याला होती. म्हणून तो बाबांकडे पाठ करून माझ्या पडद्यापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, राग मानू नका. पण काका काय बोलतात ते कितीतरी महिने आमच्या बाबांना कळतच नाही. घरी जाऊन मला विचारतात, तो आज काय म्हणत होता? मला तरी कुठे कळतं? ते माणसाचं बोलणंच वाटत नाही हो."

भिंतभर आरसे असलेल्या दुकानात पाठ फिरवून काही लपत नाही. मी वर पाहिलं तर बाबा मागच्या आरशात त्याच्या ओठांकडे बघत होते.

दोघं गेल्यावर त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. आईसमोर उभे राहून चारही वाक्यं म्हटली आणि विचारलं, "आज कसा?" आईने टिचकी मारली. मग ते माझ्याकडे वळले. "तू सांग."

मी आईकडे पाहिलं. ती मान हलवत होती, नको नको. पण मला तो तुरटीचा खडा दिसत होता, लाल झालेला. मी भिंतीपाशी गेले आणि तळहात घासला. मग शब्द एकमेकांना चिकटतात हे सांगायला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली.

"कधीपासून?"

"बरीच वर्षं, बाबा."

आमच्या घरात त्या दिवशी झालं तसं भांडण ना आधी झालं ना नंतर. बाबा ओरडत होते आणि तळहात दाबणारं कुणी नव्हतं. "इतकी वर्षं तू मला खोटं नाणं देत होतीस! आणि मी ते बाजारात चालवत होतो! लोक हसत असतील मला!"

आई सुरुवातीला रडली. मग तीही पेटली. "हो, दिलं! ताप उतरल्यावर तुम्ही तोंड उघडायला तयार नव्हता. भिंतीकडे तोंड करून बसायचात. मी म्हटलं, खणखणीत आहे हो आवाज, आणि तुम्ही उठलात. तेव्हा तो होताही. मग एकदा चढवलं, खाली कशी आणू? कुठल्या दिवशी सांगायचं, अहो, आजपासून नाही म्हणून? आणि मला तर सगळं कळतं तुम्ही बोलता ते. मी कशाला भसाडा म्हणू?"

तिचं चुकलं होतं आणि मला तिचा अतोनात कळवळा आला. दोन्ही खरं आहे.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी बोलणं टाकलं. दुकानात पाटी आणि खडू आला. "मान वर", "मध्यम की बारीक" असं लिहून ते आरशासमोर धरायचे, आणि अक्षरं आरशात उलटी दिसायची म्हणून गिऱ्हाईक मागे वळून बघायचं. लोकांची काही तक्रार नव्हती. शिंपी तर म्हणाला, गल्लीत काय शांतता झाली आहे! मला त्याचा गळा धरावासा वाटला. दोन आठवडे असे गेले. आई सकाळी वाटी घासून जागेवर ठेवायची आणि तिच्याकडे कुणी बघायचं नाही.

मग एका दुपारी मी मास्तरांकडे डोकावून आले. ते खिडकीशी बसले होते, गालावर पांढरे खुंट वाढलेले. मुलाने दुसऱ्या सलूनमध्ये नेलं तर खुर्चीतून उठून आले म्हणे. मला म्हणाले, "त्याला सांग, मी दाढी ठेवायची ठरवलीये." मी दुकानात येऊन ते आरशात बघून बाबांना सांगितलं. बाबांनी पाटी उचलली, बराच वेळ हातात धरली आणि न लिहिताच ठेवून दिली. आंधळ्या माणसाला पाटी दाखवून काय उपयोग!

संध्याकाळी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि चौदा-पंधरा दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "मला शिकव."

मी कसली शिकवते! दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी बाबांना बोलायला लावलं, शांतपणे ऐकलं आणि तोंड टेबलावरच्या आरशाकडे ठेवून स्पष्ट सांगितलं, "जुना आवाज परत येणार नाही, काका. दुसऱ्याला कळेल असा आणता येईल. कष्ट पडतील."

"मला गाणं नाही म्हणायचं," बाबा म्हणाले. "दाढी करायची आहे."

मग आमच्या घरात जे सुरू झालं ते बघून कुणालाही वाटलं असतं, घरातल्या सगळ्यांचं डोकं फिरलंय. बाबा एक हात माझ्या गळ्यावर ठेवायचे, दुसरा स्वतःच्या. मी 'हलू' म्हणायचे, ते 'हलू' म्हणायचे, आणि दोन्ही हातांना सारखं लागेपर्यंत म्हणायचे. दुकानातला आरसा त्यांचा गुरुजी झाला. स नीट आला की काचेवर वाफेचा लहानसा ठिपका उमटतो, वारा नाकातून पळाला की ठिपका वर सरकतो. सकाळी मी आत आले की आरसाभर ठिपके, आणि पुसायला अर्थातच मी. शब्द सुटे करायला ते प्रत्येक शब्दागणिक खुर्चीच्या दांडीवर बोट आपटायचे. मी भिंत घासायचे, ते शिवी द्यायचे. शिवी मात्र पहिल्या दिवसापासून स्पष्ट यायची.

आईला यात घ्यायला ते तयार नव्हते. ती दारात बसून बघायची. एकदा मी गिऱ्हाइकात अडकले होते, तेव्हा तीच उठली, त्यांचा हात ओढून आपल्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाली, "म्हणा." बाबांनी हात काढून घेतला नाही. त्या दिवसापासून ती माझ्यापेक्षा कडक मास्तरीण झाली. माझ्या मते तिने एवढ्या वर्षांचं एकदम वसूल केलं.

घरच्यांना कळलं म्हणजे काही झालं नाही, हे आता बाबांना पुरतं समजलं होतं. म्हणून परीक्षा द्यायला ते लांबच्या रस्त्यावर जायचे, जिथे त्यांना कुणी ओळखत नाही. लोखंडी सामानाच्या दुकानात शिरायचं आणि खिळे मागायचे. पहिल्यांदा दुकानदाराने न बोलता कागद-पेन्सिल पुढे सरकवली. बाबा लाल होऊन घरी आले आणि आल्या पावली आरशासमोर उभे राहिले. पुढच्या खेपेलाही कागद. त्याच्या पुढच्या खेपेला दुकानदाराने कान पुढे केला. आणि मग एक दिवस ते नुसत्या बोलण्यावर मिळालेली पुडी घेऊन आले, टेबलावर ओतली आणि एक खिळा उचलून आम्हा दोघींना दाखवला. आमच्या घरात खिळे ठोकायला आता भिंत उरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. वस्तरा, ब्रश, वाटी, टॉवेल. आई म्हणाली, मीही येते. त्या दोघांच्या मागे मीही निघाले. मास्तरांच्या मुलाने दार उघडलं आणि दारातच उभा राहिला. बाबांनी त्याच्याकडे सरळ बघून एकेक शब्द वेगळा ठेवत म्हटलं, "तुझ्या. वडिलांची. दाढी. करायला. आलोय." तो बाजूला झाला.

तिथे आरसा नव्हता. त्या खोलीत त्याची कुणाला गरजच नव्हती. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, मग खुर्ची उजेडाकडे वळवली आणि पहिल्यांदाच मागे न थांबता मास्तरांच्या समोर उभे राहिले. फेस केला, वाढलेल्या दाढीला लावला. "मास्तर, मान वर करा."

मास्तरांनी मान वर केली नाही. त्यांचे हात दांड्यांवर घट्ट होते. आधी त्यांना काहीतरी विचारायचं होतं. "माझं एक काम कर," ते म्हणाले. "घरातले म्हणतात, तुम्ही होतात तसेच आहात. सून म्हणते, छान दिसता. मला माझं तोंड आठवेनासं झालंय रे. तू रोज बघायचास. मी आता कसा दिसतो?"

बाबांनी समोरून ते ओठ वाचले. नीट कळलं नाही असं वाटून मी सांगायला पुढे झाले, तर त्यांनी हाताने थांबवलं. त्यांना कळलं होतं. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं. आईने टॉवेल छातीशी धरला होता. चांगलं काहीतरी सांगा, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. अंध माणूस काय बघायला जाणार आहे?

बाबांनी मास्तरांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि नीट पाहिला. मग बोलायला लागले. घाई न करता, खुर्चीच्या दांडीवर बोट आपटत.

"केस सगळे पांढरे झालेत. गाल आत गेलेत. डाव्या गालावर, दाढीच्या वर, एक डाग आलाय, तपकिरी. भुवया जाड झाल्यात. डोळे उघडे असतात, पण कुठे बघताय ते कळत नाही. गळ्यावर माझ्या वस्तऱ्याचा वण आहे." मग त्यांनी श्वास भरून घेतला. "म्हातारे झालात, मास्तर. मीही झालोय."

आवाज भसाडा होता. भिंतीवर घासल्यासारखा, एका पट्टीतला, पुष्कळसा नाकातून येणारा. मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता आणि मला त्याच्या चेहऱ्यावरून समजत होतं की त्याला प्रत्येक शब्द कळतो आहे.

मास्तरांच्या डोळ्यांतलं पाणी फेसात उतरलं. मग त्यांनी गालावर बोट नेऊन चाचपलं, जिथे डाग असेल असं त्यांना वाटलं तिथे. बाबांनी ते बोट धरून थोडं वर सरकवलं.

"इथे होय," मास्तर म्हणाले. "कुणी सांगितलंच नव्हतं."

मग त्यांनी दांड्यांवरचे हात सोडून मांडीवर ठेवले आणि न सांगता मान वर केली.